राजा-गुलामवर १२२ चिप्स गेल्या, पण चूक रिव्हरला झालीच नव्हती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की पोकरचे नियम पाठ झालेत, कशावर काय लागतं ते माहितीये, काही महिने खेळताय, पण चिप्स हळूहळू झिजत जातात आणि मधेच एखादा डाव असा येतो की अर्ध्याहून जास्त ढीग एका फटक्यात जातो. म्हणून तुम्ही विचारलंय की समोरच्याचा चेहरा कसा वाचायचा, ब्लफ (पत्ते नसताना असल्यासारखं दाखवून लावणं) कधी मारायचा, आणि सोबत दिलेल्या डावात रिव्हरला, म्हणजे टेबलवरच्या शेवटच्या पानाला, फोल्ड करायला, म्हणजे पत्ते टाकून बाहेर पडायला हवं होतं का. मी बरीच वर्षं खेळतोय, नवीन लोकांना शेजारी बसवून शिकवलंय पण, आणि तुमचा हा डाव मी वेगवेगळ्या लोकांच्या हातात इतक्यांदा पाहिलाय की सगळं उत्तर त्याच्यावरच उभं करतो.

तर आधी डाव, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. टेक्सस होल्डेम, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि टेबलवर सगळ्यांची मिळून पाच; नो लिमिट, म्हणजे समोर असतील तेवढ्या चिप्स लावता येतात; नऊ जण. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधी दोघांनी टाकायच्याच चिप्स, १ आणि २ (मोठा तो बिग ब्लाइंड), तुमच्यासमोर २०० चिप्स. तुम्ही बिग ब्लाइंडच्या लगेच पुढे, म्हणजे पत्ते वाटल्यावर सगळ्यात आधी बोलायची पाळी तुमची. हातात इस्पिकचा राजा आणि बदामचा गुलाम. तुम्ही नुसत्या २ टाकून आत आलात, बटनवरच्याने (डीलरच्या जागेवरच्याने) रेज करून, म्हणजे रक्कम वाढवून, १० केले, बाकी सगळे बाहेर, तुम्ही आणखी ८ टाकले. पॉट, म्हणजे मधे जमलेला ढीग, २३. फ्लॉपला, म्हणजे टेबलवर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, चौकटचा राजा, किल्वरची ८, इस्पिकची ४. तुम्ही चेक (काही न लावता पाळी पुढे), त्याने १२ लावले, तुम्ही कॉल (तेवढेच टाकले). टर्न, म्हणजे चौथं पान, बदामची २. चेक, ३०, कॉल. रिव्हर किल्वरची ९. चेक, ७०, आणि तुम्ही बराच वेळ विचार करून कॉल. त्याने राजा-राणी दाखवली. एका डावात १२२ गेले.

आता रिव्हरचं बोलू, कारण तुम्हाला तिथेच खटकलंय. त्यावेळी पॉटमध्ये १०७ आणि वर त्याचे ७०, म्हणजे १७७ मिळवायला तुम्हाला ७० टाकायचे होते. कॉल केल्यावर पॉट होतो २४७, त्यात तुमचे ७०, म्हणजे साधारण २८ टक्के. शंभरात २८ वेळा तुम्ही पुढे असाल तर हा कॉल ना नफा ना तोटा, त्याच्यावर असाल तर फायदा. मग त्याच्याकडे काय काय असू शकतं ते मोजू. एक राजा तुमच्याकडे, एक टेबलवर, कॅटमध्ये उरले दोन. एक्का-राजा असायचे प्रकार दोन गुणिले चार, म्हणजे ८. राजा-राणी तसेच ८. एक्क्यांची जोडी ६ प्रकारे, राजांची जोडी फक्त १, आठांची ३, चारांची ३. झाले २९, आणि या सगळ्यांना तुम्ही हरता. तुरळक दोन जोड्यांचे हँड, तसंच ९-९ आणि २-२ च्या जोड्या मी सोडून दिल्यात. टेबलवर ना फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) होता ना स्ट्रेट (सलग पाच पानं), एकदम कोरडा बोर्ड. २८ टक्क्यांचं गणित जमायला तुमच्यापेक्षा हलके असे निदान १२ प्रकार त्याच्याकडे हवेत. राजा-दश्शीचे ८ आहेत, पण तो राजा-दश्शी घेऊन तिन्ही वेळा लावतो का? उरलेले ब्लफ असायला हवेत, तर हा माणूस हात रिकामा असताना सलग तीनदा लावणारा आहे का?

सतत मारणारा खेळाडू असेल तर तुमचा कॉल बरोबर आहे, आणि गप्प बसून चांगल्या पत्त्यांची वाट बघणारा असेल तर तोच कॉल चूक आहे. म्हणजे अनुभवी माणूससुद्धा तिथे थांबून विचार करेल असा प्रश्न होता, आणि तो तुम्हाला ७० चिप्सच्या वेळी सोडवायला लागला. तुमचं नुकसान करणारी गोष्ट ही आहे. रिव्हरला काय केलं त्यापेक्षा, त्या जागी तुम्ही पोचलातच का हे बघा. नवीन माणसासाठी पोकरची स्ट्रॅटेजी म्हणजे माझ्या मते एवढंच आहे की अवघड प्रश्न महाग होण्याआधी, म्हणजे दोन चिप्सचा असतानाच, टाळायचे. चेहरा वाचणं वगैरे लांब राहिलं.

राजा-गुलाम दिसायला किती छान असतो बघा, दोन चित्रं, मोठी पानं. पण पहिल्या जागेवरून आत गेलात की मागे आठ जण बोलायचे असतात, आणि त्यांच्यातला जो कोणी रेज करेल तो बहुतेक वेळा एक्का-राजा, राजा-राणी, एक्का-गुलाम, मोठी जोडी असं काहीतरी घेऊन करेल. म्हणजे तुमचं एक पान जुळलं तर त्याचंही तेच जुळलेलं असतं आणि दुसरं पान, ज्याला किकर म्हणतात, ते त्याचं मोठं असतं. राजा-गुलाम विरुद्ध राजा-राणी शेवटपर्यंत खेळवलं तर तुम्ही साधारण चारात एकदा जिंकता. आणि त्याहून वाईट म्हणजे फ्लॉपला राजा आला की तुम्हाला वाटतं आता आपलं काम झालं, आणि तोच क्षण सगळ्यात महाग पडतो. राजा आला नसता तर तुम्ही १० चिप्स घालवून उठला असता.

आता जागेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नवीन लोक पत्त्यांबद्दल तासभर बोलतात आणि आपण कुठे बसलो होतो हे त्यांना आठवतसुद्धा नाही. बटनवर बसलेला माणूस फ्लॉपपासून रिव्हरपर्यंत प्रत्येक वेळी सगळ्यात शेवटी बोलतो. म्हणजे तुम्ही चेक केलं की लावलं हे बघून मग तो ठरवतो, तुम्ही मात्र तो काय करणार हे माहीत नसताना ठरवता. तोच राजा-गुलाम तुम्ही बटनवर असताना आलाय असं धरा. सगळे फोल्ड करत तुमच्यापर्यंत आलं, तुम्ही ६ केले, बिग ब्लाइंडने कॉल केला, पॉट १३. फ्लॉप तोच. त्याने चेक केलं, तुम्ही ७ लावले, त्याने कॉल केला. टर्नला त्याने परत चेक केलं आणि तुम्हीही चेक केलं, ही सोय फक्त शेवटी बोलणाऱ्याला असते. रिव्हरला त्याने २७ च्या पॉटमध्ये १५ लावले आणि तुम्ही कॉल करून राजा-राणीला हरलात. एकूण गेले २८. पत्ते तेच, हारही तीच, पण १२२ च्या जागी २८. अर्थात समोरचा माणूस वेगळं खेळला असता तर आकडा वेगळा झाला असता, पण पॉट केवढा होऊ द्यायचा हे ठरवायची संधी तुमच्याकडे आली हा फरक कायम राहतो.

मग कुठून काय खेळायचं? दोन पत्ते एकूण १३२६ प्रकारे येऊ शकतात. नऊ जणांच्या टेबलवर पहिल्या दोनतीन जागांवरून मी नवीन माणसाला एवढंच खेळायला सांगतो: सातांपासून वरच्या सगळ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, आणि एक्का-गुलाम किंवा राजा-राणी हे फक्त सूटेड असतील तर, म्हणजे दोन्ही बदाम किंवा दोन्ही किल्वर असे. मोजून बघा, हे १३२६ पैकी ८८ प्रकार होतात, सात टक्क्यांच्याही आत. म्हणजे साधारण १५ वेळा पत्ते आले की एकदा खेळायचं. हे ऐकलं की सगळे म्हणतात मग बाकीचा वेळ करायचं काय, कंटाळा येईल. येतो, मला अजून येतो. पण तो वेळ टेबलवरच्या बाकीच्यांकडे बघायचा आहे, त्याच्यावर पुढे येतो.

मधल्या जागांवरून लहान जोड्या, एक्का-गुलाम कसाही, एक्का-दश्शी सूटेड, राजा-गुलाम सूटेड, राणी-गुलाम सूटेड, गुलाम-दश्शी सूटेड एवढे वाढवा, मग तुम्ही अकरा टक्क्यांच्या आसपास येता. बटनवर आणि त्याच्या एक जागा आधी, तुमच्या आधी कोणीच आत आलेलं नसेल तर बरंच सैल खेळता येतं, एक्क्याबरोबर काहीही सूटेड, राजा-गुलाम, राजा-दश्शी, ९-८ सूटेडसारखे सलग पत्ते वगैरे, चारात एक हँड खेळलात तरी चालेल. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. सहा जणांचं टेबल असेल तर पहिली जागा म्हणजे इथली मधली जागा असं समजायचं, आणि समोरासमोर दोघंच असाल तर हे सगळं विसरून निम्म्याहून जास्त हँड खेळायला लागतात. टुर्नामेंटमध्ये स्टॅक, म्हणजे तुमच्यासमोरच्या चिप्सचा ढीग, बिग ब्लाइंडच्या दहापट-पंधरापट उरला की परत वेगळाच खेळ होतो, तेव्हा कॉल जवळजवळ संपतो आणि सगळं टाकायचं नाहीतर फोल्ड एवढंच राहतं. मी इथे बोलतोय ते तुमच्यासारख्या १०० बिग ब्लाइंडच्या कॅश गेमबद्दल.

सूटेडबद्दल एक थांबून सांगतो कारण "सूटेड होते म्हणून खेळलो" हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलंय. सूटेड असल्याने जिंकायची शक्यता दोन ते चार टक्क्यांनी वाढते, बस. फ्लॉपलाच पूर्ण फ्लश लागायची शक्यता एक टक्क्याच्याही आत आहे, आणि फ्लश ड्रॉ, म्हणजे फ्लशला एकच पान कमी, मिळायची साधारण ११ टक्के. राजा-३ हा सूटेड झाल्याने राजा-राणी होत नाही, तो राजा-३ च राहतो.

दुसरी सवय बदला, नुसत्या २ टाकून आत यायची, ज्याला लिंप म्हणतात. पत्ते खेळण्यासारखे असतील तर रेज करा, नसतील तर फोल्ड. रेज केलं की जिंकायचे दोन रस्ते होतात, एकतर सगळे तिथेच फोल्ड करतात किंवा पुढे तुमचे पत्ते चांगले निघतात. लिंपमध्ये पहिला रस्ता बंद. शिवाय लिंप केलं की मागून चारपाच जण स्वस्तात आत येतात, आणि गर्दीत चांगले पत्तेही कमजोर होतात. एक्क्यांची जोडी घ्या, जी २२१ वेळांत एकदा मिळते. एका अनोळखी हँडसमोर ती ८५ टक्के वेळा जिंकते. चार जणांसमोर ५६ टक्के. आठ जणांसमोर ३५ टक्के. आणि हे सगळ्यात भारी पत्ते, तुमच्या राजा-गुलामचं काय होणार. रेज किती करायचं तर बिग ब्लाइंडच्या तिप्पट, आणि आधी कोणी लिंप केलं असेल तर प्रत्येक माणसामागे एक बिग ब्लाइंड वाढवा, आणि हा आकडा पत्ते बघून बदलू नका. भारी पत्त्याला ८ आणि हलक्याला ५ असं केलंत तर टेबलवरच्या लक्ष देणाऱ्या माणसाला तासाभरात कळतं.

फ्लॉप. जोडी नसलेले दोन पत्ते घेऊन फ्लॉप बघितला तर त्यातलं एखादं पान जुळायची शक्यता तीनात एकदा. म्हणजे दोन तृतीयांश वेळा तुम्हाला काहीच मिळत नाही, हे मनाला नीट पटवून घ्या कारण निम्मे पैसे तिथे जातात, एवढे टाकलेत तर अजून एक पान बघू म्हणत. पण हीच गोष्ट समोरच्यालाही लागू आहे. तुम्ही आधी रेज केलंय, एकटाच माणूस सोबत आलाय, तर त्यालाही बहुतेक वेळा काही लागलेलं नसतं, आणि म्हणून तुम्ही पॉटच्या निम्मे लावलेत तर पुष्कळदा तो सोडतो. पॉटच्या निम्मी बेट तीनात एकदा यशस्वी झाली तरी पैसे वसूल, पूर्ण पॉटएवढी बेट असेल तर दोनात एकदा व्हावी लागते. तुमच्या प्रश्नातल्या ब्लफचं उत्तर सुरुवातीला एवढंच धरा: एक जण समोर, आधी रेज तुमचं, फ्लॉपवर एक्का किंवा राजा असा मोठा पत्ता जो तुमच्याकडे असेल असं त्याला वाटेल. तिघं समोर असतील तर हे करू नका, तिघांपैकी कोणाला तरी लागलेलं असतंच. आणि कॉल करायची सवय असलेल्या माणसाला कधीच ब्लफ करू नका, त्याच्याशी फक्त चांगले पत्ते असताना लावा आणि जरा जास्त लावा.

लहान जोडी, म्हणजे ४-४ किंवा ६-६, तिचं गणित वेगळं. ती स्वतः कमजोर आहे पण फ्लॉपला तिसरं पान आलं, सेट झाला, तर समोरच्याला दिसत नाही आणि मोठा पॉट मिळतो. ही शक्यता १२ टक्क्यांच्या जरा आत, आठनऊ वेळांत एकदा. म्हणून कॉल करताना बघायचं की जो रेज कॉल करतोय त्याच्या निदान पंधरापट चिप्स दोघांकडे मागे आहेत ना. असतील तर कॉल, सेट नाही झाला आणि समोरून बेट आली तर निमूट फोल्ड.

ड्रॉवर येतो, कारण "अजून एक पान" हा रोग इथेच वाढतो. तुम्हाला हवी ती किती पानं कॅटमध्ये उरलीत ते मोजा, त्यांना आउट्स म्हणतात. फ्लश ड्रॉला ९, दोन्ही टोकं उघडी असलेल्या स्ट्रेटला ८, मधलं एकच पान हवं असेल तर ४. एक पान यायचंय तर आउट्सला दोनने गुणा, दोन्ही यायची असतील तर चारने, अंदाजे टक्के मिळतात. ९ आउट्स म्हणजे एका पानाला १८ (खरं १९ च्या थोडं वर), दोन पानांना ३६ (खरं ३५). आता पॉट ६० आहे, त्याने ३० लावले, तुम्ही टर्नवर फ्लश ड्रॉ घेऊन बसलाय. ९० मिळवायला ३० टाकायचे, म्हणजे २५ टक्के हवेत आणि तुमच्याकडे आहेत १९. नुसत्या या गणितावर फोल्ड. पण त्याच्याकडे अजून १५० चिप्स मागे असतील आणि फ्लश लागल्यावर तो त्यातल्या काही नक्की देईल असा माणूस असेल तर कॉल होतो, इथे परत माणसावर आलं. सगळे करतात ती चूक म्हणजे फ्लॉपला चारने गुणून ३६ टक्के काढायचे आणि कॉल करायचं, आणि टर्नला तो परत लावणार हे विसरायचं. चारने गुणायचं फक्त तेव्हाच जेव्हा फ्लॉपलाच सगळे पैसे आत गेलेत आणि दोन्ही पानं फुकट बघायला मिळणार आहेत.

चेहरा. २०१७ च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेला लिब्राटस नावाचा प्रोग्राम पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिक खेळाडूंशी, प्रत्येकाशी समोरासमोर, नो लिमिट होल्डेम खेळला. २० दिवस, १,२०,००० डाव. तो चौघांनाही हरवून गेला आणि त्याला चेहरा काय असतो हे माहीतच नव्हतं, त्याच्यासमोर होत्या फक्त बेट. म्हणून मी म्हणतो की बेट वाचायला शिका. तुमच्या डावात बटनवरच्या माणसाने १०, १२, ३०, ७० असं प्रत्येक वेळी चढत लावलं, एकदाही थांबला नाही. ते एक वाक्य आहे असं समजा, आणि वाक्य असं होतं की माझ्याकडे एका राजाहून बरं काहीतरी आहे. तो खोटं बोलत असेल का हे ठरवायला त्याच्या कपाळावरचा घाम कशाला हवा, गेल्या तासात त्याने किती डावांत असं सलग लावलं आणि शेवटी काय दाखवलं ते पुरतं.

आणि यासाठीच ते पंधरातले चौदा डाव. मी फोल्ड केल्यावर शोडाउनची, म्हणजे शेवटी पत्ते उघडायची, वाट बघतो. कोणी पत्ते दाखवले की मनात डाव उलटा फिरवतो: याने टर्नला मोठं लावलं होतं तेव्हा याच्याकडे हे होतं, फ्लॉपला विचार करून कॉल केलं तेव्हा ड्रॉ होता. मी शिकवायला शेजारी बसवलेल्या एकाला सांगितलं होतं की आज जिंकायचं नाही, फक्त प्रत्येक माणसाबद्दल एक ओळ सांगायची. तासाभराने तो मला कानात म्हणाला की कोपऱ्यातला माणूस खरे पत्ते असले की चिप्स दोनदा मोजतो आणि ब्लफ असला की एकदम पुढे ढकलतो. मला म्हणाला चेहऱ्याकडे तर मी बघितलंच नाही. हातांकडे, वेळेकडे, आकड्यांकडे बघत होता. ऑनलाइन खेळताना हात दिसत नाहीत पण वेळ आणि आकडा तिथेही दिसतो.

आतापर्यंतचं एका दमात: पहिल्या जागांवरून फार कमी खेळा, शेवटच्या जागेवरून सैल, आत यायचं तर रेज करून, फ्लॉप नाही लागला तर एकटा समोर असेल तरच एकदा प्रयत्न आणि मग सोडा, ड्रॉला आधी टक्के मग चिप्स. आणि मोठ्या कॉलच्या आधी स्वतःला विचारा की माझ्यापेक्षा हलके कुठले हँड घेऊन हा माणूस असं लावेल. दोन नावंसुद्धा सुचली नाहीत तर फोल्ड.

आता हे सगळं नीट केलंत तरी हराल, कित्येक दिवस हराल. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीला पाचसहा वेळांत एकदा हरतेच. त्या लिब्राटसच्या सामन्यात १,२०,००० डाव ठेवले आणि वर तेच पत्ते दुसऱ्या खेळाडूला उलट बाजूने वाटले, ते एवढ्यासाठीच की नशिबाचा भाग कमी व्हावा. तुमच्या एका संध्याकाळीत शेदोनशे डाव होतात, त्यावरून आपण चांगले खेळतो की वाईट हे अजिबात कळत नाही. म्हणून कॅश गेमसाठी जेवढं घेऊन टेबलवर बसता त्याच्या २० ते ३० पट वेगळे काढलेले असावेत, आणि ते असे असावेत की सगळे गेले तरी घर चालायला काही फरक पडणार नाही. तसे नसतील तर पैसे न लावता नुसत्या चिप्सवर खेळा, वरचं एकूण एक शिक्षण तिथेही होतं. पैसे लावून खेळायला काही ठिकाणी कायद्याने परवानगी आहे, काही ठिकाणी नाही, तेही आधी बघून घ्या. आणि ज्या दिवशी गेलेले परत आणायला म्हणून बसावंसं वाटेल, किंवा कोणापासून लपवून, उसने घेऊन खेळावंसं वाटेल, त्या दिवशी खेळ थांबवून आपल्या माणसाशी बोला. हे मी सगळ्यात मनापासून लिहितोय, चांगले खेळाडू यातच संपलेले मी जवळून पाहिलेत.

टिल्टबद्दल, म्हणजे हरल्याच्या रागात भलतंच खेळण्याबद्दल, माझी एक सवय सांगतो. मोठा पॉट गेला की पुढचे दहा डाव मी पहिल्या जागेवरच बसलोय असं धरून खेळतो, बटनवर असलो तरी. सात टक्के. तेवढ्यात डोकं थंड होतं, आणि नाहीच झालं तर उठतो.

सरावाचं म्हणाल तर पत्त्यांचा एक कॅट घ्या. नीट पिसून दोन पानं काढा, स्वतःला सांगा की मी पहिल्या जागेवर आहे, खेळणार की टाकणार हे ठरवा, पानं परत मिसळा. असं पन्नास वेळा. खेळायची वेळ तीनचारदा आली तर यादी बसली, दहाबारा वेळा आली तर कुठेतरी राजा-गुलामसारख्यांना सूट देताय. मग हेच बटन धरून करा. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि दोन आठवड्यांत हात आपोआप थांबायला लागतो.

आणि एक वही करा. माझ्या वहीत एका पानाला तीनच रकाने असतात: कुठल्या जागेवर होतो, पहिला अवघड निर्णय कुठे आला, त्यावेळी पॉट किती होता. जिंकलो की हरलो ते मी लिहीतच नाही. तुमच्या डावाची ओळ अशी होईल: पहिली जागा, बटनच्या १० ला कॉल करू का, पॉट १५. ७० चा रिव्हर त्या ओळीत येत नाही, कारण पहिला अवघड निर्णय तो नव्हता. आठवडाभर अशा ओळी लिहिल्यात की त्या परत इथे टाका, आणि सोबत स्टॅक किती होते तेही लिहा, मग तुमची गळती नेमकी कुठून होतेय ते आपण मोजूनच बघू.